१५ केव्हीएचे दोन जुळे जनरेटर: एक महाबळेश्वरात, एक अकोल्यात

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जनरेटरच्या धुराबद्दलचे नियम, म्हणजे सीपीसीबी ४ प्लस, जुलै २०२३ मध्ये लागू झाले. त्यानंतर आम्ही बहीण-भावाने एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन डिझेल जनरेटर घेतले. १५ केव्हीए, थ्री फेज, तीन सिलिंडरचं वॉटर कूल्ड इंजिन, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) नाही, वर सायलेंट कॅनोपी, म्हणजे आवाज कोंडणारी पेटी. एक माझ्याकडे, महाबळेश्वर तालुक्यात साधारण १,३०० मीटर उंचीवर. दुसरा धाकट्या भावाच्या मंगल कार्यालयात, अकोल्याला. एकच मशीन अशा दोन टोकांच्या हवेत वापरायला एका घरात सहसा मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. टर्बो नसलेले या वर्गातले सेट थोड्याफार फरकाने असेच वागतात, आणि मला सांगायचंय ते जागेबद्दल आहे.

लग्नाआधी मी भोसरीला कंट्रोल पॅनलच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. तारेभोवती अडकवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर तेव्हापासून हाताशी असतो. "दणकट आहे, मस्त चालतो" एवढं वाचून घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. किती लोडला किती हर्ट्झ (विजेची वारंवारता, हवी ५०) राहिले ते कळलं तर लागतं.

आधी माझ्याकडचा लोड सांगते. राहायला येणाऱ्यांसाठी काही खोल्या आहेत आणि स्ट्रॉबेरीसाठी एक छोटी कोल्ड रूम. कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर ३ एचपी, विहिरीवरचा पंप ३ एचपी, बाकी दिवे, फ्रिज, मिक्सर, आणि खोल्यांतले गीझर प्रत्येकी २ किलोवॅटचे. सीझनमध्ये सकाळी तोडलेली स्ट्रॉबेरी वेळेवर थंड झाली नाही, तर दुसऱ्या दिवशी पेटीच्या तळाची फळं ओली होऊन बसतात आणि व्यापारी अख्खी पेटी बाजूला काढतो. पावसाळ्यातलं दुखणं वेगळं. वाऱ्याने फांदी तारेवर आली की लाइट कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नाही, आणि त्याचा तरी काय दोष, त्या धुक्यात खांबावर चढणारा तोच असतो. तेव्हा आमच्याकडे जनरेटर चैनीसाठी घेतलेला नाही.

आता त्याच्या पाटीवरचा आकडा. १५ केव्हीए, पॉवर फॅक्टर (केव्हीएतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ०.८, म्हणजे १२ किलोवॅट. ४१५ व्होल्टला फेजमागे साधारण २१ अँपिअर. हे १२ किलोवॅट कुठल्या हवेतले, हा प्रश्न दुकानात फारसं कोणी विचारत नाही. इंजिनाची ताकद आयएसओच्या मानकाप्रमाणे २५ अंश तापमान, १०० किलोपास्कल दाब आणि ३० टक्के आर्द्रता धरून सांगितलेली असते. अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिन फिरवतं त्या वीज तयार करणाऱ्या भागाचा, हिशोब निराळा. तो ४० अंश आणि १,००० मीटर धरून केलेला असतो. एकाच चौकटीवर दोन मशीन बसवलेली आणि दोघांच्या अटी वेगळ्या. विक्रीला येणारी मंडळी "हजार मीटरपर्यंत काही फरक पडत नाही" म्हणतात, ते अल्टरनेटरपुरतं खरं आहे. इंजिनाला फरक आधीच पडायला लागलेला असतो. कंपन्या इंजिनात थोडी शिल्लक ठेवतात म्हणून तो लगेच दिसत नाही, इतकंच.

टर्बो नसलेल्या इंजिनाचा ढोबळ हिशोब असा, की दर शंभर मीटर चढाला साधारण एक टक्का ताकद जाते. १,३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८५ टक्के उरतो. सिलिंडर तेवढाच, पिस्टन तेवढाच, पण एका श्वासात आत येणारी हवा कमी. डिझेल कितीही द्या, ते जाळायला ऑक्सिजन नसेल तर धूर होऊन बाहेर पडतं.

सेट बसवल्यावर मी एकेक लोड वाढवत पाहिलं. रिकामा चालू केल्यावर मीटरवर ५२ हर्ट्झ. कोल्ड रूम, पंप आणि घरातला नेहमीचा लोड घेऊन सात किलोवॅटच्या आसपास गेलं तेव्हा ५१ च्या थोडं खाली. दहा किलोवॅटला ५० ला टेकला आणि तिथे तासभर सुखाने चालला, आवाज एकसारखा, धूर जवळजवळ नाही. त्यावर आणखी एक गीझर सुरू केला आणि इंजिनाचा आवाज जड झाला. काटा ४८ च्या खाली आला, सायलेन्सरमधून काळा धूर, दिवे पिवळट. इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर आपल्या परीने डिझेल वाढवत होता, पण हवा कुठून आणणार? बसवायला आलेला साताऱ्याचा मेकॅनिक धुराकडे बघून म्हणाला, "ताई, ह्याला हवा पुरंना झालीय. डिझेल पंप धडधाकट हाय, त्याला हात लावू नका." त्याचं मला मोलाचं वाटलं. काळा धूर दिसला की डिझेल पंपाची सेटिंग फिरवणारे मेकॅनिक भरपूर आहेत, आणि त्याने इंजिन आणखी तापतं.

त्या वेळी क्लॅम्प मीटरवर फेजला सतरा-अठरा अँपिअर होते. म्हणजे २१ अजून लांब. पॅनलवरच्या अँपिअरकडे बघून "अजून जागा आहे" म्हणणारा माणूस इथेच फसतो. अँपिअर अल्टरनेटरला सोसायचे असतात. इंजिनाला ओढायचे असतात ते किलोवॅट. गीझरसारखा लोड, ज्याचा पॉवर फॅक्टर एक असतो, तो अँपिअर कमी दाखवून किलोवॅट पुरेपूर घेतो. डोंगरावर गीझर, इस्त्री, हॉट प्लेट यांचा हिशोब म्हणूनच किलोवॅटमध्ये करावा. माझ्याकडचा खरा आकडा साडेदहा किलोवॅट. पाटीवरच्या बारापेक्षा साधारण बारा टक्के कमी. पुस्तकाप्रमाणे यायला हवा तेवढाच आला, त्यामुळे याबद्दल मशीनला मी एकही गुण कापलेला नाही.

कापला तो मोटर सुरू होतानाच्या वागण्याबद्दल. ३ एचपीची मोटर थेट सुरू केली की क्षणभर पाच-सहा पट करंट घेते. सखल भागात इंजिन तो झटका पचवून लगेच ५० वर येतं. इथे ते खाली जातं आणि परत वर यायला चांगलाच वेळ घेतं. तेवढ्यात व्होल्टेज पडून कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) सुटतो, परत लागतो, परत सुटतो. तो कडकडाट ज्याने ऐकलाय त्याला मी काय म्हणतेय ते कळेल. मी टायमर बसवून क्रम लावला. आधी कॉम्प्रेसर, तो स्थिर झाला की पंप, आणि गीझर सगळ्यात शेवटी, तेही एका वेळी दोनच. आता तक्रार नाही. पण टायमर मी माझ्या खर्चाने बसवला. डोंगरावर विकताना हा क्रम कंपनीच्या पॅनलमध्येच द्यायला हवा.

पावसाळ्यातल्या दोन-तीन गोष्टी इथे नव्याने येणाऱ्यांना ठाऊक नसतात. वीस अंशांच्या ढगात उभ्या असलेल्या इंजिनाला मिळणाऱ्या हवेत अडीच-पावणेतीन टक्के नुसती वाफ असते, म्हणजे तेवढा ऑक्सिजन आणखी कमी. हे नुकसान लहान. मोठं नुकसान अल्टरनेटरच्या वाइंडिंगमध्ये ओल बसण्याचं. आमच्याकडे आतमध्ये छोटा हीटर लावून घेतला, लाइट असेल तेव्हा तो सुरू राहतो. पावसाळा संपल्यावर मेगर मीटरने वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासून घेते. एअर फिल्टरचा कागद ओलसर झाला की श्वास आणखी कोंडतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये एक सुका फिल्टर घरात डब्यात ठेवलेला असतो.

आणि याच्या अगदी उलटा त्रास, तो म्हणजे लोड फार कमी असण्याचा. पावसाळ्यात पाहुणे नसतात, रात्री फक्त चार दिवे आणि फ्रिज. एवढ्यावर डिझेल इंजिन तासन् तास चालवलं की सिलिंडर नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, आणि एक्झॉस्टच्या जोडातून काळं चिकट तेल ओघळायला लागतं. विरळ आणि गार हवेत हे जास्त होतं. माझ्या सेटच्या सायलेन्सरच्या फ्लँजखाली असा ओघळ दिसला, तेव्हापासून रात्री दिव्यांना इन्व्हर्टर आणि जनरेटर दिवसा, निदान निम्मा लोड देऊन. मोठा सेट घेतला म्हणजे सगळं सुटलं असं जे सांगतात, त्यांनी हा ओघळ पाहिलेला नसतो.

शेजारच्यांकडे होंडाचा पेट्रोलवरचा छोटा पोर्टेबल आहे. होंडाच्या या जनरेटरच्या पुस्तिकांत उंचीबद्दल सरळ लिहिलेलं असतं, की दर ३०० मीटरला सुमारे साडेतीन टक्के ताकद कमी होते, आणि १,५०० मीटरच्या वर कायम वापरायचा तर कार्ब्युरेटरमध्ये बदल करून घ्यावा. ग्राहकाला एवढं स्पष्ट सांगणं मला फार आवडलं. आमच्या सेटच्या पुस्तिकेत "जागेनुसार डीरेटिंग लागू" एवढी एक ओळ होती, म्हणजे जागेप्रमाणे ताकद कमी धरा; तक्ता नाही.

आता अकोला. उंची २८०-२८५ मीटर, तेव्हा उंचीचा प्रश्न जवळजवळ नाही. पण एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि लग्नसराईही तेव्हाच. भावाचा लोड म्हणजे हॉलमधले मोठे कूलर, पंखे, दिवे, पाण्याची मोटर आणि स्वयंपाकघर. मे महिन्यात त्याचा फोन आला. "ताई, बंद पडून राह्यला ना हा. दुपारी बारा-साडेबाराला बरोबर बंद पडते. अक्षता पडायच्या टायमाला." कंट्रोलरवर हाय कूलंट टेंपरेचर, म्हणजे इंजिनाचं पाणी फार तापल्याची खूण. डीलरचा माणूस येऊन थर्मोस्टॅट बदलून गेला होता. दुसऱ्या लग्नात तेच.

मी गेले तेव्हा पहिल्यांदा तापमापक एअर फिल्टरच्या तोंडाशी धरला. बाहेर सावलीत ४४, फिल्टरपाशी ५५. याचा अर्थ काय ते वजनात सांगते. समुद्रसपाटीला, २५ अंशांना, एक घनमीटर हवा साधारण १.१८ किलो भरते. माझ्या घरापाशी वीस अंशांना ती १.०३ किलो. अकोल्यात ४५ अंशांना १.०७. आणि कॅनोपीत शिरून ५५ अंश झालेली अकोल्याची हवा? तीही १.०३ च्या आसपासच. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी अकोल्यातलं हे इंजिन, हवेच्या हिशोबाने, माझ्या अंगणात उभं होतं. भावाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ त्या सेटकडे बघत राहिला. डोंगर न चढता त्याच्या जनरेटरची ताकद डोंगराएवढी कमी झाली होती.

शिवाय इथे आणखी एक गोष्ट होते जी माझ्याकडे होत नाही. माझ्याकडे रेडिएटरला वीस अंशांचा वारा मिळतो. अकोल्यात रेडिएटरने ९० अंशांचं पाणी ५५ अंशांच्या हवेने थंड करायचं. मधलं अंतर निम्मं झालं की थंड होणंही निम्मं झालं.

कारणं शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सेटचं गरम हवेचं तोंड कंपाउंडच्या भिंतीकडे, मध्ये जेमतेम दोन-अडीच फूट जागा. बाहेर फेकलेली हवा भिंतीवर आपटून परत आत येत होती. वर पत्र्याची ठेंगणी शेड, तीही तापलेली. हवा आत घेणाऱ्या जाळीला लागून केटरिंगवाल्यांनी खुर्च्यांची चळत लावलेली. आणि रेडिएटर. कॅनोपीचं दार काढून टॉर्च मारला तर पाकळ्यांच्या मधून पलीकडचा उजेडच दिसेना. अकोला कापसाचा मुलूख, जवळ सरकी काढायचं जिनिंग आहे, रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जातात. कापसाचे तंतू, धूळ आणि इंजिनातून उडालेलं थोडं तेल यांचा थर बसला होता, नखाने उचलला तर गोधडीच्या अस्तरासारखा अखंड निघाला. सर्व्हिसच्या कागदावर "रेडिएटर क्लीन" असा टिक मार्क होता.

भावाने मग सेट फिरवून गरम तोंड मोकळ्या मैदानाकडे केलं, शेड उंच केली, जाळीपुढे चुन्याची रेघ मारून तिथे काहीही ठेवायला बंदी केली, आणि रेडिएटर, पंखा हवा ढकलतो त्याच्या उलट दिशेने पाणी मारून साफ करून घेतला. पंख्याच्याच दिशेने पाणी किंवा हवा मारली की कचरा आणखी आत ठासतो, हे ध्यानात ठेवा. नंतर फिल्टरपाशी ४७ अंश, आणि अकरा किलोवॅटच्या आसपास लोड घेऊन सेट पूर्ण लग्न चालला. इंजिन तेच, पंप तोच. कॅनोपीवर ओली पोती टाकायचा सल्ला त्याला अनेकांनी दिला होता. तो त्याने ऐकला नाही ते बरं झालं, ते पाणी झिरपून अल्टरनेटरमध्ये गेलं असतं.

उन्हाळ्यात टाकी अर्धीमुर्धी ठेवू नये, हेही तिथेच कळलं. या सेटची टाकी कॅनोपीच्या तळाशीच आहे आणि इंजिनाकडून परत येणारं डिझेल गरम असतं. टाकीत थोडंच डिझेल असलं की ते लवकर तापतं. तापलेलं डिझेल फुगतं, मग पंपाच्या एका मापात जळायला वजनाने कमी जातं. नुकसान दोन-तीन टक्क्यांचं, पण आधीच काठावर चाललेल्या सेटला तेवढं पुरतं. बॅटरीचं पाणी मे महिन्यात अकोल्यात माझ्यापेक्षा कितीतरी आधी संपतं, ती रोजच्या तपासणीत घ्यावी. अल्टरनेटर म्हणाल तर ४० अंशांच्या वर दर पाच अंशांना साधारण तीन टक्के, आणि १,००० मीटरच्या वर दर ५०० मीटरला तेवढेच. दोन्हीकडे तो इंजिनाच्या आधी दमत नाही.

माझ्याकडे डोंगरावर तापण्याचा त्रास नाही, तरी रेडिएटरच्या झाकणाकडे लक्ष ठेवते. इथे उघडं पाणी ९६ अंशांच्या आतबाहेर उकळतं. झाकण दाब धरून ठेवतं म्हणून कूलंट शंभराच्या पुढे जाऊनही शांत राहतं. झाकणाचं रबर गेलं की डोंगरावर ते आधी उसळतं. चाळीस-पन्नास रुपयांचं रबर नाही म्हणून कोणी हेड गॅस्केट घालवू नये.

डीलरबद्दल. आमचे दोघांचे डीलर वेगळे, अनुभव सारखाच. घेण्याआधी मी विचारलं होतं, "१,३०० मीटरला, ३५ अंशांना हा किती किलोवॅट देईल ते लिहून द्या." उत्तर आलं, "मॅडम, १५ म्हणजे १५." डीरेटिंगचा तक्ता इंजिन कंपनीच्या सर्व्हिस विभागाकडून मिळाला, तोही तीनदा मेल केल्यावर, आणि त्यात माझ्या जागेचा आकडा साडेदहाच्या जवळच होता. म्हणजे माहिती कंपनीकडे आहे, नेमकी आहे, फक्त विकणाऱ्याच्या हातात दिलेली नाही. हे मला फार खटकतं. शेतकरी कर्ज काढून सेट घेतो, पंप ओढला नाही की "तुमची मोटर खराब" ऐकतो, आणि मोटर भरून आणतो. सर्व्हिस मात्र माझ्याकडे वेळेवर येते, मेकॅनिक जाणकार आहे, सुटे भाग साताऱ्यात मिळतात.

मशीन म्हणून सांगायचं तर आवाज कमी, कॅनोपीचं रंगकाम पावसात टिकलंय, सहा-सात किलोवॅटला तासाला दोन ते अडीच लिटर डिझेल. फिल्टर बदलायला दार छोटं पडतं, हात खरचटतो. रेडिएटरची आतली बाजू बघायला स्क्रू काढावे लागतात, म्हणून तर कोणी बघत नाही. तिथे हाताने उघडणारी झडप हवी.

ज्यांना घ्यायचाय त्यांच्यासाठी: पाचगणी, महाबळेश्वर, चिखलदरा, तोरणमाळ अशा हजार मीटरच्या वरच्या गावांत टर्बो नसलेला सेट घेणार असाल तर तुमचा सगळ्यात मोठा लोड पाटीवरच्या किलोवॅटच्या ८०-८५ टक्क्यांत बसवा. नाहीतर टर्बोवाला घ्या. टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळे या उंचीला त्याचं नुकसान फारच थोडं असतं. लेहसारख्या ३,५०० मीटरवर, जिथे दाब ६५ टक्क्यांवर येतो, तिथे टर्बोलाही कात्री लागते, पण आपल्या घाटमाथ्याला तो पुरेसा आहे. विदर्भ-खानदेशात टर्बोपेक्षा आधी जागेवर खर्च करा. गरम तोंडापुढे मोकळं अंगण, वर उंच शेड, आणि मार्च संपायच्या आत रेडिएटर स्वतः टॉर्च मारून बघणं.

भाऊ आता हॉलच्या वरच्या मजल्यासाठी दुसरा सेट घेतोय, ३० केव्हीएचा. या वेळी ऑर्डरमध्ये आम्ही एक अट घातलीय: फिल्टरच्या तोंडाशी ५० अंश असताना २० किलोवॅट लोड एक तास, आमच्या जागेवर, मे महिन्यात, आणि शेवटचा हप्ता त्यानंतर. तीन डीलरांपैकी एकाने त्यावर सही केली. ऑर्डर त्याला दिली.